गोव्यात नव्याने आलेल्यांनी हुमणाचे सामान कसे आणावे

घाटावरून, मुंबईहून किंवा विदर्भातून नोकरीनिमित्त गोव्यात राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला इथला बाजार पहिल्या महिन्यात फारसा परका वाटत नाही. दुकानदाराला मराठी समजते, पाट्या वाचता येतात, डाळी-कडधान्ये नेहमीचीच असतात आणि मासळीही बरीचशी ओळखीची असते. अडचण येते ती पहिल्यांदा हुमण करायला घेतल्यावर. शेजाऱ्यांकडे जेवलेले, केशरी रंगाचे, ओल्या नारळाच्या वाटणातले ते माशाचे कालवण आपल्या घरी केले की एक तर मालवणी आमटीसारखे लागते, नाही तर कोल्हापुरी रश्श्यासारखे. फोंड्यात राहायला आल्यावर हात चुकत नसून सामान चुकते आहे हे मला उमगायला जवळपास दोन वर्षे लागली. नव्याने येणाऱ्यांची तेवढी वर्षे वाचावीत म्हणून बाजाराचा क्रम इथे सविस्तर लिहीत आहे.

घरातून निघण्यापूर्वी

आपल्याकडे पदार्थ आधी ठरतो, त्याची यादी होते आणि मग पिशवी उचलली जाते. गोव्यात हुमणासाठी हा क्रम उलटा धरावा लागतो. त्या दिवशी कोणती मासळी चांगली आली आहे ते आधी पाहायचे, मासळीवरून आंबट ठरवायचे, आणि त्या दोहोंवरून वाटणात कांदा घालायचा की वरून तेफळ (आपले तिरफळ) टाकायचे याचा निर्णय करायचा. मिरची, धणे, हळद, मिरी, आमसुले आणि तेफळ ही कोरडी बाजू घरात भरलेली असली तरच हे जमते. म्हणून खरेदीचे सरळ दोन भाग करावेत: वर्षाकाठी एकदा नीट पारखून भरायचे सामान आणि त्या त्या दिवशी आणायचे ओले सामान. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत उरकू पाहणारा माणूस दोन्हीकडे फसतो.

काय आणू नये, हेही निघण्यापूर्वीच ठरवलेले बरे. सुके खोबरे आणू नये. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला आणि गरम मसाला यांपैकी कशाचीही हुमणाला गरज नाही. घाटावरच्या स्वयंपाकघरातून आलेल्या माणसाला हे पटायला जड जाते, कारण कांदा-खोबरे भाजून केलेल्या वाटणाशिवाय रस्सा होतो ही कल्पनाच त्याला मान्य नसते. हुमणात नारळ ओला आणि कच्चाच वाटला जातो. मसाल्याची सगळी कामगिरी लाल मिरची, धणे, हळद आणि चार मिरी यांच्यावर असते. खोबरे भाजण्याची आपली सवय गोव्यात शागोतीला, म्हणजे कोंबडी-मटणाच्या मसालेदार रश्श्याला, उपयोगी पडते, तिच्याविषयी पुढे लिहितो. तयार ‘फिश करी मसाल्याची’ पाकिटे सुपरमार्केटात रांगेने मांडलेली असतात. मी ती तीन-चार वेळा आणून पाहिली आणि प्रत्येक वेळी अर्धे पाकीट कपाटात राहिले.

कोणता बाजार, कोणता वार

गोव्यातल्या प्रत्येक शहराचा पालिका बाजार रोज भरतो, पण काही गावांच्या आठवडी बाजाराला वेगळे महत्त्व आहे, कारण खेड्यापाड्यांतल्या बाया आपल्या परसातले जिन्नस घेऊन त्या दिवशी बसायला येतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार यांत सर्वांत मोठा आणि नव्या माणसाने शिकण्यासाठी सर्वांत चांगला. सुकी मिरची, आमसुले, गावठी चिंच, माडाचा गूळ, चोरीसच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, मातीची भांडी असे सगळे एकाच आवारात पाहायला मिळते. डिचोलीचा बाजार बुधवारी आणि बाणस्तारीचा गुरुवारी असतो. दक्षिण गोव्यात राहणाऱ्यांना मडगावच्या बाजाराची सवय करून घ्यावी लागते. तो रोजचाच आहे, पण गल्ल्या अरुंद आणि सामान भरपूर, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत काहीही न घेता फक्त हिंडावे, असे मी सुचवेन.

रोजच्या भाजीसाठी राज्याच्या फलोत्पादन महामंडळाची छोटी दुकाने गावोगावी आहेत. तिथे भाजी सवलतीच्या दराने मिळते. ती मुख्यतः बेळगावकडून घाट उतरून येते. कांदा, लसूण, आले, कोथिंबीर यांसाठी ही दुकाने पुरेशी आहेत. किराण्यासाठी गोवा बागायतदार या फोंड्यात मुख्यालय असलेल्या सहकारी संस्थेचे बाजार उपयोगी पडतात. ही संस्था बागायतदारांकडून सुपारी, नारळ, काजू यांसारखा माल विकत घेते. गल्लीतल्या लहान दुकानाला इथे पोसरो म्हणतात. पोसऱ्यावर हळद, धणे, जिरे घ्यायला हरकत नाही. आमसुले आणि तेफळे मात्र तिथे बहुधा पाकिटात बंद असतात आणि बंद पाकिटातली ही दोन्ही पारखता येत नाहीत.

बाजारात ‘गावठी’ हा शब्द वारंवार कानी पडेल. गावठी म्हणजे इथल्याच मातीतले. त्याचा दर जास्त असतो आणि बऱ्याच वेळा तो रास्तही असतो. मात्र हा शब्द उच्चारायला पैसे पडत नाहीत, हेही ध्यानात असावे. गावठी माल आकाराने असमान, थोडा डागाळलेला आणि ढिगाने लहान असतो. पोते भरून एकसारखी चकचकीत मिरची मांडून कोणी तिला गावठी म्हणू लागला, तर हसून पुढे जावे.

मासळी

पहाटेची मासळी सकाळी लवकर पाहावी. दर किलोवर असतो तसा ‘वांट्या’वरही असतो, वांटो म्हणजे विक्रेतीने लावलेला एक वाटा, मग त्यात सहा बांगडे असोत की पंधरा तारल्या. “वांटो कितलो?” एवढे कोंकणी बोलता आले तरी संभाषण सुरू होते. विकणाऱ्या स्त्रियांना ‘मावशी’ म्हटलेले चालते, आणि एकीकडेच दोन-तीन महिने नेमाने घेत राहिल्यास ती स्वतःच “आज हें व्हरूं नाका” (आज हे नेऊ नका) असे सांगू लागते. घासाघीस करायला हरकत नाही, पण हात लावून, कल्ले उघडून, पाच मिनिटे उलथापालथ करून काही न घेता निघून जाणे इथे असभ्य समजले जाते.

नावांचा थोडा घोळ होतो. सुरमई म्हणजे इस्वण, कोळंबी म्हणजे सुंगटां, खेकडे म्हणजे कुर्ल्यो. बांगडा आणि मोरी यांची नावे आपल्यासारखीच आहेत. नव्या माणसाने सुरुवात बांगड्यापासून करावी. तो स्वस्त आहे, बहुतेक वर्षभर मिळतो आणि हुमणातल्या चुका पोटात घालतो. ताजा बांगडा हातात धरल्यावर ताठ राहतो, पाठीवर हिरवट-निळी झाक असते, डोळे स्वच्छ आणि किंचित फुगीर असतात, कल्ले लाल असतात. पोट बोटाने दाबल्यास खड्डा राहता कामा नये. तिसऱ्यांच्या शिंपल्या मिटलेल्या असाव्यात. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर ती टाकावी. कुर्ली आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे.

परराज्यांतूनही बरीच मासळी गोव्यात येते. जुलै २०१८ मध्ये अशा मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या प्रकरणावरून इथे मोठा गदारोळ झाला आणि सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंदही केली होती. तेव्हापासून ग्राहक अधिक चौकस झाले आहेत. डोळे ताजे दिसत असूनही ज्या माशाला माशाचा वासच नाही आणि ज्याच्यावर माशी बसत नाही, तो घेऊ नये, असा ठोकताळा इथल्या घरांतून सांगितला जातो. प्रयोगशाळेची सर त्याला नाही, पण मी तो पाळतो.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर आणि यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. या काळात खाडीची आणि नदीची मासळी, तिसऱ्या, गोड्या पाण्यातले मासे थोडेफार मिळतात, दर मात्र चढे असतात. बाकी भर सुक्या मासळीवर असतो.

मासळी कापून देणारे लोक मोठ्या बाजारांत वेगळे बसतात आणि त्याचे थोडे पैसे घेतात. हुमणासाठी बांगड्याचे दोन किंवा तीन तुकडे पुरेत आणि डोकी टाकू नयेत, असे आधीच सांगावे, कारण बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला डोके नकोच असणार असे गृहीत धरून ती टाकून दिली जातात. रसाला चव येते ती डोक्यांमुळेच.

आंबट

आंबट निवडण्यात गोव्याइतका चोखंदळपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. बांगडा आणि तारली यांना आमसूल. कोळंबीला हंगामात कच्ची कैरी, जिला इथे तोर म्हणतात, नाही तर आंबाडे. मोरीच्या आंबट-तिखात, म्हणजे आंबट-तिखट कालवणात, नारळ अजिबात नसतो आणि आंबटपणा चिंचेचा किंवा आमसुलांचा असतो. परसात बिमलीचे झाड असेल तर तीही कोळंबीत पडते. ओटंबाची वाळवलेली फोड हे आणखी एक जुने आंबट. ते आता प्रत्येक बाजारात दिसत नाही, म्हापशाला किंवा एखाद्या आठवडी बाजारात दिसल्यास मूठभर घेऊन पाहावे.

या सगळ्यांत नीट पारखून घ्यायची वस्तू म्हणजे आमसूल. कोकणीत त्यांना सोलां म्हणतात आणि रातांब्याच्या फळाला भिंड. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते. साल काढून उन्हात वाळवतात आणि वाळत असताना फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून पुन्हा सुकवतात. जितके हात दिले जातील तितके आमसूल काळे, मऊ आणि आंबट होते. त्यामुळे नवे आमसूल घेण्याचा खरा काळ मेअखेर ते जून असा एवढाच. एका वर्षी मी ऑगस्टमध्ये एका बाजारातून किलोभर आमसुले ‘यंदाची’ म्हणून आणली. ती गेल्या वर्षीची निघाली. घरी आल्यावर पाण्यात टाकली तेव्हा पाण्याला विटकरी रंग आला आणि आंबटपणा नावालाच होता. ती संपवायला आम्हाला दीड वर्ष लागले.

पारखण्याची रीत सोपी आहे. आमसूल दुमडून पाहावे. चांगले आमसूल मोडत नाही, चामड्यासारखे वाकते. रंग जांभळट काळा हवा. तपकिरी झालेले जुने समजावे. एक पाकळी तोंडात धरावी, आंबटपणा लगेच जाणवला पाहिजे, आणि दाताखाली कचकच आली तर ते वाळवताना जमिनीवर पसरलेले होते असे समजावे. वजन वाढावे आणि टिकावे म्हणून मीठ भरपूर लावलेली आमसुलेही असतात. ती वाईट नव्हेत, पण मग हुमणात मीठ घालण्याआधी आमसुले उकळून रस चाखावा लागतो. बिनमिठाची आणि मिठाची अशी दोन्ही मिळत असतील तर नवख्याने बिनमिठाची घ्यावीत. घरी आणल्यावर ती एक दिवस ऊन दाखवून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरावीत. धातूच्या डब्यात ठेवू नयेत, आंबट धातूला खाते. चार माणसांच्या हुमणाला चार ते सहा आमसुले पुरतात. ती वाटत नाहीत, उकळी फुटल्यावर तशीच टाकतात.

याच आमसुलांची सोलकढी होते, आणि नारळाशिवाय केलेल्या कढीला इथे फुटी कढी म्हणतात. उन्हाळ्यात ती रोजच लागते, तेव्हा आमसुले मोजताना तिचाही हिशेब धरावा.

तेफळ

मराठीत याला तिरफळ म्हणतात आणि काही जण त्रिफळही म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी यांचे आयुर्वेदिक त्रिफळा चूर्ण ते हे नव्हे. औषधांच्या दुकानात विचारले तर ते चूर्णच हातात पडेल. तेफळ हे एका काटेरी झाडाचे मिऱ्याएवढे फळ. चीनमधल्या सिचुआन मिरीच्या कुळातले. चावले तर जिभेला मुंग्या येतात. ओली हिरवी तेफळे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत बाजारात येतात, पुढे वर्षभर वाळवलेली मिळतात.

घेताना टरफले उघडलेली, तपकिरी आणि आत रिकामी असलेली घ्यावीत. आतली काळी गुळगुळीत बी निरुपयोगी असते. ती निवडून काढावी लागते आणि जितकी जास्त असेल तितके वजनाचे पैसे वाया जातात. पहिल्या वर्षी मी तेफळे बियांसकट, नारळाबरोबर, मिक्सरमध्ये वाटली. पातेलेभर हुमण औषधासारखे कडू झाले आणि शेजारच्या आजींनी ते चाखून, अतिशय सौजन्याने, “मीठ बरें पडलां” एवढेच म्हटले. तेफळ वाटत नाहीत. आठ-दहा टरफले थोड्या पाण्यात चुरडून, हुमण उतरवण्याच्या थोडे आधी पाण्यासकट घालतात. मुठीत घेऊन चोळल्यावर लिंबाच्या सालीसारखा वास नाकात शिरला तर तेफळ ताजे. वास येण्यासाठी नाक मुठीत घालावे लागले तर सोडून द्यावे.

बांगडा, तारली यांसारख्या तेलकट आणि उग्र वासाच्या माशाला तेफळ हवेच. कोळंबीला नको, तिला वाटणात कांदा आणि सोबत कैरी किंवा भेंडी शोभते. शाकाहारी स्वयंपाकात खतखत्याला, म्हणजे अनेक भाज्यांच्या कालवणाला, तेफळाशिवाय चव येत नाही.

मिरची, धणे आणि बाकीचे कोरडे

मिरची आली ती पोर्तुगीजांबरोबर. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि अमेरिका खंडातली ही शेंग या किनाऱ्यावर रुजली. आज हुमणाचा केशरी रंग बहुतेक घरांत काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीतून येतो. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरीकडची. सुरकुतलेली, गडद लाल, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. चार माणसांना अशा सहा ते आठ मिरच्या पुरतात आणि तिखट हवे असल्यास त्यांत एक-दोन संकेश्वरी टाकाव्यात.

गोव्याच्या स्वतःच्या मिरच्याही आहेत आणि त्या एकदा तरी घेऊन पाहाव्यात. काणकोणातल्या खोल गावाची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेडण्याकडच्या हरमलच्या मिरचीला ते २०२१ मध्ये मिळाले. उत्पादन थोडे आणि मागणी मोठी, त्यामुळे दर ब्याडगीच्या कितीतरी पट असतो. रोजच्या हुमणाला या मिरच्या वापरणे मला परवडत नाही. पाव किलो आणून त्यातल्या दोन-दोन ब्याडगीबरोबर घालणे हा आमच्या घरातला तोडगा आहे, आणि मिरची भरून घेण्यासाठी मार्च ते मे हा काळ सर्वांत सोयीचा.

सुकी मिरची घेताना देठ शाबूत असलेली घ्यावी. मोडल्यावर ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. चिवट लागली तर तिच्यात ओल आहे आणि पहिल्या पावसातच बुरशी धरेल. मूठभर मिरची कागदावर झटकून खाली किती बी पडते ते पाहावे. पांढुरक्या डागांची मिरची निवडून टाकावी. तिखटाची पूड विकत आणू नये, अशी माझी सूचना आहे, कारण हुमणाच्या वाटणात भिजवलेली अख्खी मिरची नारळाबरोबर गंधासारखी वाटली जाते तेव्हाच रसाला अंग येते. पूड घातल्यास रस आणि तेल वेगळे दिसू लागतात.

धणे लहान, हिरवट आणि वासाचे असावेत. एक मोठा चमचा पुरतो. मिरी पाच-सहा दाणे, हळद अर्धा चमचा. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही; हे जिन्नस कुठेही चांगले मिळतात.

हुमणापलीकडे जायचे असेल तर दोन वस्तू आणखी लागतील. पहिली माडाचा सिरका, ज्याला इथे विनागर म्हणतात. रेंदेर माडावरून काढतो ती सूर, म्हणजे माडी, आंबवून तो तयार होतो आणि विंदालू, सोरपोतेल, बालचांव, रेशाद मसाला यांत पडतो. विंदालू हे नावच द्राक्षाची दारू आणि लसूण यांवरून आलेल्या पोर्तुगीज शब्दांचे आहे; इथे आल्यावर दारूची जागा माडाच्या सिरक्याने घेतली. खरा सिरका फिकट सोनेरी, किंचित गढूळ असतो आणि तळाशी साका दिसतो. पाण्यासारखा नितळ आणि बाटलीवर ‘सिंथेटिक’ छापलेला सिरका नाकाला झोंबतो, पण त्याला गोडसर अंग नसते. दुसरी वस्तू म्हणजे शागोतीचा मसाला: खसखस, चक्रीफूल, जायफळ, जायपत्री, दालचिनी, लवंग, बडीशेप, आणि त्यांबरोबर खमंग भाजलेला नारळ. हे जिन्नस सुटे आणून घरी भाजावेत. इथून आखाती देशांत जाणाऱ्या नातेवाइकांना मसाला बांधून देण्याची गोव्यात फार जुनी रीत आहे. तसे करताना खसखस वगळावी, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे.

नारळ

नारळ नगावर मिळतो, आकाराप्रमाणे दर. हातात जड लागणारा, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळणारा, डोळे कोरडे असलेला नारळ घ्यावा. डोळ्यांभोवती ओल किंवा पांढरी बुरशी असेल तर तो आत कुजू लागला आहे. देवापुढे फोडायला कोवळा चालेल, पण हुमणाला पक्का, तपकिरी करवंटीचा हवा, कारण कोवळ्याच्या खोबऱ्यातून रस निघत नाही. खवलेल्या ओल्या खोबऱ्याला इथे सोय म्हणतात आणि ती तयार खवून पिशवीतही मिळते. घाईच्या दिवशी ठीक, मात्र दुपारपर्यंत उन्हात राहिलेली सोय आंबते आणि ते हुमण उकळल्यावरच कळते. खवताना करवंटीलगतचा तपकिरी थर सोयीत येऊ देऊ नये. त्याने केशरी रंग मातकट होतो.

चार माणसांना अर्धा नारळ पुरतो, असे मी पूर्वी धरत असे. इथले लोक पाऊण ते एक घालतात आणि त्यांचे बरोबर आहे.

तांदूळ आणि शिवराक दिवस

हुमण भाताबरोबर खातात, आणि तो भात उकड्या तांदळाचा असतो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा मऊ, चिकट भात त्याच्याबरोबर जुळत नाही. उकडा तांदूळ जाड, लालसर आणि थोडा वासाचा असतो. त्याला पाणी व वेळ दोन्ही जास्त लागते आणि पेज निवळून काढतात. पहिल्यांदा दोन किलोच आणावा, कारण सगळ्यांना तो लगेच आवडत नाही. न उकडलेल्या तांदळाला सुरय म्हणतात, हे दुकानात उपयोगी पडेल. खाजन शेतीतला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतला, कोरगूट तांदूळ, जो खारे पाणी सोसतो, कधी दिसला तर पेजेसाठी घ्यावा.

बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी, श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असते. अशा दिवशी अळसांद्यांचे (मोठ्या चवळीचे) तोणाक, म्हणजे कडधान्याची नारळाच्या वाटणातली उसळ, मुगागाठी किंवा खतखते होते. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूबियांचेही तोणाक करतात. अळसांदे आठवडी बाजारात मापाने मिळतात आणि पाकिटातल्या चवळीपेक्षा मोठे असतात. श्रावणात मासळी बाजारातली गर्दी कमी असते. ज्यांना श्रावण पाळायचा नाही त्यांच्यासाठी तो मासळी शिकण्याचा चांगला काळ आहे.

पुरुमेंत

पावसाळ्यासाठी मे महिन्यात भरून ठेवायच्या सामानाला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. तरतूद या अर्थाचा पोर्तुगीज शब्द इथल्या तोंडी रुळून हे रूप झाले. मेअखेरीस मडगावला होली स्पिरिट चर्चच्या परिसरात पुरुमेंताचे फेस्त भरते, त्या वेळी वर्षभराचे कोरडे सामान एकाच ठिकाणी पाहून घेता येते. नव्या माणसाने आपली वार्षिक खरेदी याच दिवसांत करावी, असे मला वाटते. आमसुले नवी असतात, मिरची कडक वाळलेली असते, कांद्याच्या माळा बांधलेल्या मिळतात, आणि ट्रॉलर बंद होण्यापूर्वी सुके बांगडे, सुकी सुंगटे, गालमो भरपूर आलेले असतात.

सुकी मासळी घेताना ती खरोखर सुकलेली आहे ना ते पाहावे. बांगडा दोन बोटांनी वाकवला तर लवचीक लागता कामा नये आणि पोटाकडचा भाग पिवळा पडलेला नसावा. पिवळेपणा म्हणजे तेल खवट झाले. गालमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, मुठीतून सोडल्यावर वेगवेगळी पडली पाहिजे. त्यात वाळू असतेच, म्हणून भाजण्याआधी चाळणीतून काढावी. सुकी कोळंबी भाजून खोबऱ्याबरोबर कालवली की किसमूर होते, आणि जुलैत हुमणाची आठवण काढत ती भाताबरोबर खातात. पेडण्याच्या आगरवाड्यासारख्या ठिकाणच्या मिठागरांचे जाडे, करडे मीठही याच वेळी घ्यावे. लोणची आणि आमसुले त्यातच टिकतात.

प्रमाण ठरवताना उत्साह आवरावा. चार माणसांच्या, आठवड्यातून तीनदा हुमण करणाऱ्या घराला वर्षाला एक ते दीड किलो आमसुले, दीड-दोन किलो मिरची आणि पाव किलो तेफळ पुरते. तेफळाचा वास वर्षभरात उडतो, म्हणून जास्त घेऊन उपयोग नाही. सगळे घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्यावे आणि पूर्ण गार झाल्यावरच भरावे. कोमट सामान बंद केल्यास झाकणाला आतून घाम येतो आणि बुरशी त्याच जागी सुरू होते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये उघाड मिळाली की डबे पुन्हा एकदा उन्हात ठेवावेत.

हुमण नेहमी थोडे जास्त होईल इतका नारळ आणावा, कारण उरलेले हुमण दुसऱ्या दिवशी सकाळी मंद आचेवर आटवून दाट करतात आणि त्याला काल्ची कडी म्हणतात. रात्रीच त्यातले माशाचे तुकडे वेगळे काढून ठेवावेत, नाही तर आटवताना ते मोडून काटे रसात मिसळतात. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की तिच्याबरोबर खायला दोन उंडे (गोल पाव) जास्त घ्यावेत.